मामाने कच्ची ठेवलेली गाणी

माझ्या मामाने आयुष्यात एकही गोष्ट पुरी केली नाही, असं मामी म्हणायची. स्वयंपाकघराच्या दाराला एका बाजूने रंग आहे, दुसऱ्या बाजूने अजून नुसतं लाकूड. मामीला जाऊन चार वर्षं झाली, दार तसंच आहे. पण गाण्याच्या बाबतीत तो आळस नव्हता, ते त्याचं तत्त्व होतं. "पक्कं केलं की गाणं संपलं," तो म्हणायचा. "कच्चं आहे तोवर त्याला वाढायला जागा आहे." त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि मी ते पाणी पंधरा वर्षं ओतलं. माझी जीभ अशी की तो मला टकळीच म्हणतो.

मामा पूर्वी कॅसेटच्या दुकानात कामाला होता. दुकान बंद पडल्यावर त्याने घराची मागची खोली गाणाऱ्यांसाठी उघडली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, खिडकीला दोन जाड ब्लँकेटं, तोंडाची फुंकर अडवायला मायक्रोफोनच्या पुढे तारेच्या कड्यावर ताणलेला मामीचा पायमोजा. येणारे कोण, तर शिंपी, नर्स, निवृत्त पोस्टमन. ज्यांना कुणी स्टेजवर बोलावणार नाही असे सगळे. टेबलावर जुना कॉम्प्युटर, त्यात सोळा वर्षांपूर्वी घेतलेलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मामाचा त्याच्यावर इतका जीव की मामी त्याला सवत म्हणायची.

हे सॉफ्टवेअर कसं चालायचं ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. गाणारा एक ओळ दहा वेळा म्हणतो. मामा त्यातला पहिला शब्द मार्चमधला उचलणार, दुसरा जूनमधला, शेवटचा सूर मागच्या आठवड्यातला, आणि सगळं असं जोडणार की शिवण दिसू नये. कुठला तुकडा कुठे बसलाय ते फक्त सॉफ्टवेअरच्या लक्षात. डिस्कमध्ये बघाल तर नुसते नंबर लावलेले तुकडे. गाणं पक्कं केलं असतं तर त्याची एकसंध फाईल झाली असती, कुठेही वाजली असती. मामाने एकही केली नाही.

गुरुवार हा हॉर्नकाकांचा. ते सिटी बसचे ड्रायव्हर. आवाज असा की डेपोतल्या लोकांनी हॉर्न नाव ठेवलं आणि त्यांनी ते हौसेने मिरवलं. नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशी न चुकता यायचे. स्वतः रचलेली चौदा गाणी, सगळी बायकोवर, आणि बायकोला त्यातलं एकही ऐकवलेलं नाही. "पुरी झाली की सगळी एकदम ऐकवीन," म्हणायचे. एकाला पुरं करायचंय आणि दुसऱ्याला करवत नाही, अशी ती जोडी. पण त्यांचं मस्त जमायचं.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते, कॉम्प्युटरची सवय आहे, त्यामुळे मामाचा कॉम्प्युटर, मोबाईल, मेल सगळं माझ्याच गळ्यात. मामा मेल उघडतसुद्धा नाही. नवीन सॉफ्टवेअर घे म्हणून मी त्याचं डोकं खायचे. एका गुरुवारी जरा जास्तच खाल्लं. तर हॉर्नकाकांसमोर, शिंप्यासमोर तो म्हणाला, "तिला बटणं कळतात हो, गाणं कुठे कळतं?" सगळे हसले. मीही हसले. पण ते मनात जे रुतून बसलं ते बसलंच.

त्यानंतर पंधरा दिवसांत तो मेल आला. सॉफ्टवेअरची कंपनी बंद होत होती. तीन महिन्यांच्या आत कॉम्प्युटर एकदा इंटरनेटला जोडा आणि सॉफ्टवेअर कुठल्याही मशीनवर उघडणारी कायमची किल्ली उतरवून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. नंतर किल्ली द्यायला कुणी नसेल. आहे त्या मशीनवर सॉफ्टवेअर चालत राहील, पण मशीन किंवा डिस्क बदलली तर उघडणार नाही. दहा मिनिटांचं काम होतं. मी मेल नीट वाचला आणि बंद केला.

म्हटलं, बसू दे अडून. मग येईल नाक घासत माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, मनात हेच म्हटलं मी, याच शब्दांत. शेवटच्या आठवड्यात सांगू, असंही ठरवलं होतं. त्या आठवड्यात शाळेत निकालांची धांदल, आणि खरं सांगायचं तर धांदल नसती तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. तारीख उलटून गेली. पण गुरुवारी जाऊन बघितलं तर सॉफ्टवेअर छान चालू होतं. मी विषय मनातून काढून टाकला.

पुढे सात महिन्यांनी हॉर्नकाकांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला भोक, श्वास तिथूनच, आणि त्यावर पांढरा रुमाल. आवाज कायमचा गेला. घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी ते मार्करने लिहायची एक पांढरी पाटी घेऊन मामाकडे आले. पाटीवर घरूनच लिहून आणलं होतं, "आता पक्की करा."

मामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाला, "करतो. सगळी करतो." तीन दिवस एकेक गाणं पुन्हा पुन्हा ऐकत बसला, पण पक्कं करायचं बटण काही त्याच्याने दाबवेना. चौथ्या दिवशी डिस्क गेली.

दुरुस्तीवाला हुशार होता. त्याने सगळ्या फाईली नव्या डिस्कवर उतरवून दिल्या, एक तुकडा हरवला नाही. मामा खूश. सॉफ्टवेअर उघडायला गेला, तर त्याने किल्ली मागितली. किल्ली देणारं कुणी उरलं नव्हतं. मी तिथेच उभी होते. मला तो मेल आठवला.

गुरुवारी मामाने हॉर्नकाकांना समोर बसवून सांगितलं. "चूक माझी आहे. कंपनीने कळवलं असणार, पोरीच्या नजरेतून सुटलं असेल, पण मेल माझा, बघायला मीच हवं होतं. आणि पक्कंही मीच केलं नाही. काय शिक्षा द्यायची ती द्या." सत्तरीला टेकलेला माणूस हात जोडून उभा. हॉर्नकाकांनी त्याचे हात खाली केले. मी भिंतीला टेकून ऐकत होते. दोन वाक्यं बोलायची होती, तेवढीही झाली नाहीत.

मग मी नवीन सॉफ्टवेअर बसवलं. शेवटी झालं माझ्या मनासारखं. चार हजारांवर तुकडे, आणि त्यातून चौदा गाणी निवडून काढायची. हॉर्नकाका रोज येऊ लागले. मामा तुकडा वाजवणार, हॉर्नकाका मान हलवणार, मग पुढचा. स्वतःचाच आवाज दिवसभर ऐकायचा आणि त्यातला एक शब्दही पुन्हा म्हणता यायचा नाही, ही कसली शिक्षा त्या माणसाला. महिन्याभरात एक गाणं उभं राहिलं. त्या दिवशी मामाने बटण दाबलं.

ते ऐकायला काकूंना बोलावलं. चौदाही एकदम ऐकवण्याचा हट्ट आता कुणाला परवडणार होता? काकू खुर्चीत बसल्या, हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "आवाज यांचाच आहे. पण हे असं म्हणायचे नाहीत. मी ऐकलंय ना आंघोळीच्या वेळी. तिसऱ्या ओळीला हे जरा थांबायचे." बोलून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं, घाईघाईने छान आहे, छान आहे म्हणाल्या. ते थांबणं मामाने नऊ वर्षांत नेमकं बसवलं होतं. आता ते त्याला आठवत नव्हतं.

परवा पाचव्या गाण्यावर होतो. मामा त्याच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेला होता, वाजवायला मी बसले होते. एक ओळ काही केल्या सापडेना. चाळीस तुकडे झाले, हॉर्नकाकांची मान आडवीच. माझी चिडचिड झाली आणि तोंडातून निघून गेलं, "मामाने वेळेवर पक्की केली असती, तर ही वेळ आली असती का?"

हॉर्नकाकांनी पाटी ओढली. लिहिलं, "मामांना बोलू नकोस. त्यांनी काय मुद्दाम केलं?"

मी ते वाचलं. आता गप्प बसले तर माझ्यासारखी नीच मीच, असं वाटलं. "त्यांनी नाही, मी केलं मुद्दाम," मी म्हणाले. मग मेल, तारीख, ते हसणं, माझा राग, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

ते उभे राहिले. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या, चेहरा लालबुंद. आणि आवाज नाही. नुसती हवा बाहेर आली, गळ्यावरचा रुमाल हलला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या. त्यासाठी मी काहीही दिलं असतं. मग त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, मला दाखवायच्या आत तळहाताने पुसून टाकलं, आणि खाली बसले.

दार वाजलं. मामा आत आला, चप्पल काढता काढता विचारलं, "काय, सापडली का ओळ?"

मी हॉर्नकाकांकडे बघितलं. त्यांनी बोट मामाकडे केलं, मग माझ्या तोंडाकडे. दोनदा.

"मामा, बस जरा," मी म्हणाले. "कंपनीचा मेल आला होता. मी वाचला होता."

मामाने गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

"गाणी उघडणार नाहीत, हे तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.