खाडीतल्या काळ्या गोमी

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण खाडीतल्या मेलेल्या माशांचे ते प्रकरण मी अजूनही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सांगू शकते. मागच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी विचारले होते, "आजी, तू खुनी पकडलास का कधी?" पकडले, पण त्यात सांगण्यासारखे थोडे असते. या प्रकरणात कोणाचा खून झाला नव्हता. तरी लिहून ठेवायचे तर हेच लिहावे असे वाटते. नावे कोणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसे अजून तिथेच राहतात.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षे. मी नवी मुंबईत खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होते. आपले घर कोपरखैरण्याला होते आणि तुमची आई शाळेत जात होती. सकाळची हजेरी आटोपून मी टेबलावर बसले होते. तेवढ्यात साधारण चाळिशीची एक कोळीण आत आली आणि हातातली टोपली तिने थेट स्टेशन डायरीवर ठेवली. टोपलीत मेलेले बोय मासे आणि चिंबोऱ्या होत्या.

"अगं मावशी, डायरीवर नको!" आमचे जुने हवालदार ओरडले.

"डायरी पुसता येल. ही जित्ती करून द्याल का?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बाय, तुमी सायेब का?"

मी तिला बसायला सांगितले. हकिगत अशी होती. दोन महिन्यांपासून दर आठ-दहा दिवसांनी त्यांच्या गावाजवळ खाडीत मासे मरत होते. गावकीने ठरवले होते की हे काम तिच्या नवऱ्याचे. ओहोटीला खळग्यात साचलेल्या पाण्यात विष टाकायचे आणि तरंगलेले मासे गोळा करायचे, असे कोणी केले तर त्या गावांत त्याच्याशी कोणी बोलत नाही. तिच्या नवऱ्याच्या जाळ्याची जागा सगळ्यात जास्त मासे मरत होते त्या नाल्याच्या तोंडाशीच होती, आणि तो आधीच अबोल, फटकून राहणारा. एवढ्यावर संशय पक्का झाला होता. खाडीत कोणी कुठे खांब रोवून जाळे लावायचे हे गावकी ठरवते. त्याची जागा तूर्त काढून घेतली होती. येत्या पुनवेच्या बैठकीत ती कायमची दुसऱ्याला देणार होते.

"जागा गेली की मानूस गेला, बाय," ती म्हणाली. "तो आता घरात तोंड फिरवून बसलाय. जेवत बी नाय."

पुनवेला पंधरा दिवस होते.

मी अदखलपात्र नोंद घेतली आणि वरिष्ठ निरीक्षकांना सांगितले. "मासे मेले म्हणून पोलीस? प्रदूषण खात्याला पत्र टाका आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. पत्र मी त्याच दिवशी टाकले. पण पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत येत नाही हे मला माहीत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ओहोटी पाहून हवालदारांना घेऊन खाडीवर गेले.

चोरीच्या जागी काय नेले यापेक्षा काय सोडले हे आधी पाहावे, असे हवालदार मला नेहमी सांगत. त्या दिवशी चिखलात उभे राहून ते म्हणाले, "मॅडम, विष टाकून मासे मारणारा ते उचलून नेईल ना? हे सगळे इथेच कुजतायत. माल टाकून जाणारा चोर मी आजवर बघितला नाही."

नवरा निर्दोष असावा असे मला पहिल्यांदा तेव्हा वाटले. नाल्याच्या तोंडाशी चिखलाला हिरवट-निळी झाक होती. जागा दाखवायला आमच्याबरोबर आलेल्या त्या कोळिणीने पदराच्या गाठीतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवले. काळ्या, चपट्या, दोन्ही बाजूंना बारीक पाय असलेल्या तीन-चार वस्तू होत्या.

"ह्या काल्या गोमी जाल्यात येतान. ह्या आल्या की मासं मरतान."

त्या गोमी नव्हत्या. संगणकाच्या आत हिरव्या पट्टीवर बसवलेल्या चिप होत्या. आमच्या ठाण्यात कामासाठी तोवर संगणक आला नव्हता. पण मी ते उघडलेले पाहिले होते. कुठे पाहिले होते, हे मात्र तेव्हा मनात आले नाही.

नाल्यावर साध्या वेशात पाळत ठेवली. त्यासाठी नेमलेला शिपाई सोलापूरकडचा, समुद्र पहिल्यांदा बघणारा. त्याला गळ देऊन बांधावर बसवले. दुसऱ्या दिवशी कोळीण ठाण्यात येऊन हसत म्हणाली, "बाय, तुमचा मानूस गलाला दाना लावाया इसरलाय. अख्खा गाव बघून गेला." तरी त्याचे डोळे चांगले होते. सहाव्या दिवशी, भर दुपारी, त्याने निळसर पाणी वाहताना पाहिले आणि नाल्याच्या कडेने चालत उगमापर्यंत गेला. एका बंद पडलेल्या मिठागराच्या जुन्या गोदामापाशी तो थांबला.

दोन पंच घेऊन आम्ही छापा घातला. आत एक पुरुष आणि दोन बाया होत्या. बाया दिघ्याहून मजुरीला येत. एक चुलीवरच्या तव्यावर हिरव्या पट्ट्या तापवत होती, दुसरी चिमट्याने त्यावरचे सुटे भाग ओढून काढत होती. कोपऱ्यात तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे, कॅन आणि प्लास्टिकची पिंपे होती. वाफेने आमच्या डोळ्यांतून पाणी येत होते. फुटलेल्या काचांचा ढीग, तारांची भेंडोळी, संगणकांचे रिकामे पत्रे. सगळे मात्र प्रकाराप्रमाणे वेगळे लावलेले. भंगारात एवढी शिस्त मी पाहिली नव्हती.

पंचनामा सुरू झाला. मी सांगत होते, हवालदार लिहीत होते. मध्येच ते थांबले. त्यांच्या हातात एक हिरवी पट्टी होती आणि तिच्या मागे पांढऱ्या रंगाने एक क्रमांक घातलेला होता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "हे अक्षर तुमचं आहे."

तेव्हा आठवले. दोन वर्षांपूर्वी एका कॉम्प्युटर क्लासवाल्याने विद्यार्थ्यांना फसवले होते. त्याचे वीसेक संगणक आम्ही जप्त केले होते. मुद्देमालाच्या खोलीतून आतले भाग कोणी बदलू नये म्हणून मी प्रत्येक संगणक उघडवून प्रत्येक पट्टीवर स्वतः क्रमांक घातला होता. त्याबद्दल माझी पाठही थोपटली गेली होती. खटला संपला, मालक फिरकला नाही, कोर्टाने परवानगी दिली आणि आम्ही लिलाव केला. यादीत लिहिले होते, 'निरुपयोगी संगणक, भंगार, एक लॉट'. खाली माझी सही होती. खोली रिकामी झाली म्हणून त्या दिवशी मी समाधानाने घरी गेले होते.

चौकशीत गोदामातल्या त्या माणसाने काही लपवले नाही. पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा तो तेजाबात सोडवून काढत होता. पूर्वी तो मुंबईत सोन्याच्या कारखान्यात तेजाबाचे काम करत असे. बोटांची टोके पिवळी पडलेली, नखे जवळजवळ नव्हतीच.

"यात सोनं असतं हे कोणी सांगितलं?" मी विचारले.

"कोणी कशाला सांगेल, मॅडम? पिवळं दिसलं की आपला हात थांबत नाय. चाळीस वर्षं तेच केलं घरात, बापानं आणि मी."

"आणि उरलेलं पाणी?"

"नाल्यात. डबल पाणी मारून सोडतो. नाला असतो कशाला?"

"त्या पाण्यानं मासे मेले. एका माणसाचं आयुष्य बरबाद व्हायची वेळ आलीय."

त्याची मान खाली गेली. खरेच त्याला माहीत नव्हते, असे माझे मत आहे. मग तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. माल लिलावात घेतला, पावती आहे. मी नसता घेतला तर तुमी काय करणार होता त्या डब्यांचं?"

हवालदारांनी त्याला दरडावले, "प्रश्न आम्ही विचारायचे!" पण नंतर चहा पिताना तेच म्हणाले, "बेणं बोललं खरं."

विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळल्याचा गुन्हा दाखल केला. खाडी नासवल्याबद्दल पोलिसांना लावता येईल असे नीट बसणारे कलम शोधून सापडेना; सार्वजनिक झरा आणि तलाव यांचे कलम होते, पण ते भरती-ओहोटीच्या खाडीला लागू करणे कठीण. टाकाऊ संगणकांबद्दल तर तेव्हा वेगळा नियमच नव्हता.

वरिष्ठांनी पंचनामा वाचून मला बोलावले. "हा क्रमांकाचा भाग कशाला? गुन्ह्याशी त्याचा काय संबंध?"

"पंचांनी पाहिलाय, सर."

"पंच विसरतात." मग आवाज खाली आणून, "बाई, तुमच्या बढतीचे कागद वर गेलेत. विचार करा."

मी तो भाग ठेवला. त्याचा मेमो मला मिळाला आणि बढती लांबली. पण त्यात शौर्य नव्हते. आपल्याच हाताने घातलेला क्रमांक आपणच खोडायचा, हे माझ्याच्याने झाले नसते.

पुनवेच्या बैठकीला मी गेले. संध्याकाळी देवळापुढे सगळा गाव जमला होता. कोळिणीचा नवरा सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभा. मी पंचनामा वाचून दाखवला. गोदाम, तेजाब, नाला, सगळे सांगितले. मग म्हणाले, "हा माल आमच्या ठाण्यातून विकला गेला. विकण्याच्या कागदावर सही माझी आहे."

एक म्हातारी पुढे झाली. "म्हंजे इख तुमच्या कपाटातून आलं?"

"हो."

"आनि आमी या गरिबाला वालीत टाकला."

गावच्या पाटलांनी घसा साफ केला. "मंग आता दंड लावायचा कोनाला? फौजदारीनबाईंना?"

काही जण हसले, मीही हसले असते. पण पाटील हसत नव्हते. ते उठून मागे गेले, त्या माणसापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "जागा तुजी. गाव चुकला." त्याने फक्त मान हलवली. त्याच्या बायकोने मात्र तोंड सोडले: "आता गाव चुकला! दोन महिने पोरांना पानी भरू देत नव्हतात, तवा कुठं व्हता गाव?" तिला कोणी अडवले नाही.

खटला लांबला नाही. त्या माणसाने गुन्हा कबूल केला, त्याला दंड झाला. काही दिवसांनी आमच्या मुद्देमाल कारकुनाने सहीसाठी एक कागद माझ्यापुढे ठेवला. गोदामातून जप्त केलेल्या मालाचा लिलाव प्रस्ताव होता: 'निरुपयोगी संगणकाचे भाग, भंगार, एक लॉट'.

"अहो, पुन्हा?" मी म्हटले.

"मॅडम, पद्धत तीच आहे," तो बिचारा म्हणाला.

मी सही केली नाही. कोर्टाकडे वेगळी परवानगी मागितली. एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या शिक्षकांनी येऊन दोन दिवस बसून चालू असलेले भाग मुलांना शिकवायला निवडून नेले. तांब्याच्या तारा तुर्भ्याच्या एका भट्टीला दिल्या. पण आधी मी ती भट्टी पाहून आले. एका कारखान्याच्या केमिस्टने तेजाब चुन्याने मारून दिले. संगणकांच्या पडद्यांच्या जाड काचा मात्र कोणालाच नको होत्या. माझी बदली झाली तोवर त्या मुद्देमालाच्या खोलीतच होत्या, आणि माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने त्याबद्दल मला मनातून शिव्या दिल्या असतील. मुद्देमालाच्या रजिस्टरमध्ये मी एक रकाना हाताने आखला होता: 'घेणारा याचे काय करणार'. पुढे तो कोणी भरला की नाही, ठाऊक नाही.

आता या कचऱ्याचे कायदे झाले आहेत. बनवणाऱ्या कंपनीने जुनी वस्तू परत घ्यावी, ती नोंदणी असलेल्या ठिकाणीच मोडावी, असे नियम आहेत. चांगले आहेत. पण तुमचे जुने फोन आणि लॅपटॉप तुम्ही कोणाला देता, तेव्हा पावतीवर थांबू नका. तो माणूस ते कुठे नेतो, कुठल्या हातांनी फोडतो, उरलेले कुठे ओततो, हे विचारा. विचारायला संकोच वाटेल. मला वाटला नाही, कारण विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते. दार उघडून वस्तू बाहेर गेली की माझे काम संपले, असे मी वीस वर्षे मानत आले होते. त्या गोदामातला माणूस आणि मी, दोघेही आपापले काम नीटनेटके करत होतो आणि दोघांचेही उरलेले एकाच नाल्यात जात होते.

बदलीच्या आधी मी खाडीवर एकदा जाऊन आले. ओहोटी होती. तो माणूस आपल्या जागेवर जाळे ओढत होता. एक हंगाम जागा रिकामी सोडली तर ती दुसऱ्याकडे जाते, म्हणून वर्षभर तो त्या मेलेल्या चिखलात रोज जाळे लावत होता, हे मला त्याच्या बायकोने सांगितले होते. त्या दिवशी जाळ्यात पाच-सहा बोय मासे होते, चमकणारे, उड्या मारणारे. त्याने ते एकेक करून पाण्यात सोडून दिले.

"अहो, आले की मासे! का सोडताय?" मी काठावरून विचारले.

वर्षभरात तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"माज्या पोरांना अजून घालत नाय ह्यातलं," तो म्हणाला. "मंग बाजारात कसं नेऊ?"