पिवळ्या खडूंचा डबा

त्यांना सगळे जपूनराव म्हणत. रंगाच्या कारखान्यातला हा माणूस जिना उतरणाऱ्यालासुद्धा ‘जपून’ म्हणायचा. कामावरचे कपडे कधी घरी आणायचा नाही, आंघोळ केल्याशिवाय लेकीला जवळ घ्यायचा नाही. नेमकं अशा माणसाच्या हातून हे घडावं, याचा मला अजून राग येतो. त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे, कारण सुरुवात मी केली.

आमच्या वर्गात खडू, डस्टर, पेन्सिली, कशाचाच पत्ता नसायचा. अर्ज करून करून मी थकले. मग दारावर कागदाची पानं चिकटवली, एकेका पानावर एकेक गरज. पालकांनी पान न्यायचं आणि विकत न आणता आपल्या कामातून ती वस्तू करून द्यायची. एका शिंपीणबाईंनी चिंध्यांची डस्टरं शिवली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. जपूनरावांनी ‘खडू’ लिहिलेलं पान नेलं.

त्यांनी प्लास्टर साच्यात ओतून खडू पाडले आणि मुकादमाला विचारून त्यात घालायला पिवळी पूड घेतली. कारखान्यात अशा पुडीची दोन पिंपं शेजारीशेजारी होती. एक खेळण्यांच्या रंगाचं, दुसरं रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या रंगाचं. दुसऱ्यात शिसं होतं, म्हणजे विषच. नावं पिंपांच्या झाकणांवर लिहिलेली. जेवणाच्या सुट्टीत कामगार ती झाकणं जमिनीवर टाकून त्यांवर बसायचे आणि उठताना हाताला येईल ते झाकण लावायचे. त्या कामावरचे रोजचे लोक पिंपाची जागा बघून पूड काढत, झाकण कोणीच वाचत नसे. जपूनरावांनी ते दोनदा वाचलं.

सहा आठवडे मी त्याच खडूंनी लिहिलं. त्यांची लेक पहिल्या बाकावरची, फळा पुसायचा मान तिचा. कोपरापर्यंत पिवळी होऊन मिरवायची. पुढे तिचं पोट दुखायला लागलं, डबा तसाच परत जायला लागला. अभ्यास चुकवायची नाटकं, असं मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याच आठवड्यात आणखी दोघं पोट धरून घरी गेली.

एका सकाळी जपूनराव कामाच्या कपड्यांतच वर्गाच्या दारात उभे राहिले. ते कपडे बघूनच मी हातातला खडू खाली ठेवला. कारखान्यात त्या दिवशी तपासणी झाली होती आणि झाकणांची अदलाबदल उघड झाली होती. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि खडूंचा डबा मागितला. डब्यात चारच तुकडे उरले होते.

“बाई, कोणी तोंडात घातलाय का, तेवढं विचारा,” ते म्हणाले. “पण रागावू नका, नाहीतर लपवतील.”

मी विचारलं. आधी त्यांच्या लेकीने हात वर केला, आणि तिच्याकडे बघत मागच्या बाकांवरून एकेक हात वर यायला लागला. मी मोजायचं सोडून दिलं.

“मीच सांगितलं सगळ्यांना,” ती म्हणाली. “माझे बाबा जपून करतात, त्यांच्या खडूने काही होत नाही.”

जपूनराव तिला उचलून घ्यायला वाकले. मग अंगावरच्या कपड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले.