एक्केचाळीस नंबरचा फ्लास्क

माझ्या सासूबाई कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. डॉक्टरवर नाही, शेजारणीवर नाही, पोटच्या मुलावर नाही. मी तर सून. त्यात आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत. मी जनुकं वाचते, त्या तळमजल्यावरची शेवाळाची खोली सांभाळतात. निळसर हिरव्या शेवाळाचे साठ फ्लास्क. खरं तर ते जीवाणू, पण त्या शेवाळच म्हणतात. सव्वीस वर्षं त्यांनी तिथे एकही परका जंतू शिरू दिला नव्हता.

यंदा खोली बंद करायचं घाटत होतं. "नुसतं हिरवं पाणी जपून मिळालं काय?" प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्यांना तोंडावर विचारलं. मला राहवलं नाही. एक्केचाळीस नंबरच्या फ्लास्कमधल्या शेवाळाची जनुकं वाचली, तर जंतू मारणारं इवलंसं प्रथिन बनवायची अख्खी कृती त्यात! लगेच जंतू वाढवलेल्या डिशमध्ये त्या फ्लास्कमधला थेंब टाकला. थेंबाभोवतीचे जंतू मेले, स्वच्छ वर्तुळ उमटलं. मी नाचतच खाली गेले.

सासूबाईंनी फ्लास्क हुंगला. "वास बदललाय. काहीतरी शिरलंय. झाकण कुणी उघडलं होतं?"

"मीच. गेल्या आठवड्यात, जनुकांसाठी नमुना घ्यायला."

"वाटलंच मला."

अस्सा राग आला! पण सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या धाग्यांत खरंच काड्यांसारखे जंतू वळवळत होते. म्हणजे वर्तुळ त्यांच्यामुळेही उमटलेलं असू शकत होतं.

"साहेबांना सांगू नका ना. खोली जाईल."

"जाऊ दे. खोटं सांगून मला ती नकोय."

त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं आणि महिन्याची मुदत मागून आणली. त्या महिन्यात खपून त्यांनी शेवाळ आणि काड्या वेगळ्या केल्या. माझ्यावर नजर ठेवूनच. मग मी तीन डिश लावल्या. नुसतं शेवाळ, काही नाही. नुसत्या काड्या, काही नाही. दोन्ही एकत्र, ठळक वर्तुळ. जनुकं पुन्हा वाचली. कृती शेवाळातच होती.

खोली वाचली. सांगायला गेले तेव्हा त्या फ्लास्क पुसत होत्या.

"प्रथिन शेवाळच बनवतं बहुधा," मी म्हटलं. "पण परकं कुणी अंगाला भिडलं तरच."

त्यांचा हात थांबला. त्यांनी साठही फ्लास्कवरून नजर फिरवली.

"म्हणजे सव्वीस वर्षं मीच त्यांना काही करू दिलं नाही?"

नाही म्हणायचं होतं मला. त्याऐवजी फडकं घेतलं आणि त्यांच्याबरोबर फ्लास्क पुसू लागले.