भोईर आता विकनार नाय

बाळकुमचे पंढरी भोईर म्हणजे माझे बाबा. एवढा हट्टी माणूस सगळ्या ठाण्यात सापडणार नाही. आजोबांनी भातशेती बिल्डरला मातीमोल भावात विकली आणि तिथे आता तीस मजली टॉवर उभे आहेत. रोज चहा पिताना बाबा गॅलरीतून त्या टॉवरकडे बघतात, आजोबांना शिव्या घालतात आणि म्हणतात, "भोईर आता काय पन विकनार नाय."

ड्रोन बनवणार म्हणून गाजलेल्या एका कंपनीचे शेअर त्यांनी नऊशेला घेतले. आज भाव दोनशेवर आलाय. कंपनीचा एकही ड्रोन अजून उडालेला नाही.

"बाबा, दोनशे मिळतायत तोवर विकून टाक," मी सकाळी शेवटी ओरडलेच.

"तुझ्या आज्यानं घाई केली म्हनून तो फसला. मी थांबनार."

माझं डोकंच फिरलं. "आजोबांनी सगळं विकलं, पण देवळामागचे दोन गुंठे तुझ्यासाठी राखले होते. ते विकून हे शेअर कोणी घेतले, बाबा? आजोबांनी?"