छकुलीच्या काखेतली गाठ

“फ्रॉक नका काढू, बाई. तिले थंडी लागते,” आजी म्हणाल्या.

मे महिना होता. नारायण पेठेतल्या माझ्या क्लिनिकमध्ये पंखा फुल स्पीडवर फिरत होता. पुण्यात मे महिन्यात थंडी! मी मान वर करून पाहिलं, तर कोणीच हसत नव्हतं.

मी लहान मुलांची डॉक्टर. समोर वाघोलीहून आलेलं, मूळ विदर्भातलं कुटुंब. बाळाची आई, आईची आई आणि बाळाची पाच वर्षांची बहीण. बाळ पाच महिन्यांचं. नाव सांगितलं छकुली. डाव्या काखेत बोराएवढी गाठ.

अशी गाठ मला नवीन नाही. जन्मल्यावर बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस देतात. तिच्यात जिवंत पण अशक्त केलेले जंतू असतात. ते काखेतल्या गाठीत अडकतात आणि कधीतरी ती सुजते. बाळ खेळतंय, वजन वाढतंय, ताप नाही, तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. गाठ आपोआप जिरते.

हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, “ते इथंच बोट लावून ठेवते. मंग नेते.”

“कोण?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही पाहिलं! दार बंद होतं.

मी विषय बदलला. थोरलीला विचारलं, “छकुली खेळते का गं तुझ्याशी?”

“छकुली मी आहे,” ती म्हणाली.

“मग ही कोण?”

आईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाळाचं तोंड उघडून पाहिलं. जीभ, गाल, सगळीकडे पांढरी बुरशी. फ्रॉकच्या बाहीतला हात काडीसारखा. आता मात्र पुरे झालं. “अहो, कपड्यांसकट वजन करायला हा भाजीवाल्याचा काटा नाही,” म्हणत मी स्वतःच फ्रॉक काढला आणि लंगोट सोडला.

मुलगा होता.

“हळू बोला, बाई. आयकते ते,” आजी कुजबुजल्या. मी अजून काही बोललेच नव्हते.

मग एकेक बाहेर आलं. आजींचे दोन मुलगे आणि या आईचा पहिला मुलगा, तिघेही वर्षाच्या आत गेले. तिघांच्याही डाव्या काखेत गाठ.

“आमच्यात पोरी जगतात, पोट्टे नाही,” आजी म्हणाल्या. “म्हणून बहिणीचा फ्रॉक, बहिणीचं नाव. त्याले समजू नये म्हणून.”

भयंकर गोष्ट ही, की आजींचं म्हणणं बरोबर होतं. काही दोष आईकडून मुलग्यात उतरतात, मुली बहुधा सुटतात. अशा मुलग्याच्या अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशीच नसतात. मग साधी बुरशी हटत नाही आणि लसीतले अशक्त जंतूही अंगभर पसरू शकतात. लसीचा गुन्हा नव्हता, दोष आधीपासूनच होता. आणि तो ओळखायची सगळ्यात मोठी खूण यांनी फ्रॉकखाली लपवली होती.

“आजच ॲडमिट करायचं,” मी म्हणाले.

“जगन का?” आई पहिल्यांदाच बोलली.

“लपवलंत तर नाही.” जरा कडकच बोलले.

रक्ताच्या रिपोर्टने शंका खरी ठरवली. एरवी अशा गाठीला न लागणारी टीबीची औषधं याला सुरू केली. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या हाडांतल्या मगजाच्या पेशी याच्या अंगात सोडणं. त्या जुळल्या बहिणीच्या. खऱ्या छकुलीच्या.

आता तो तीन वर्षांचा आहे. शर्ट-चड्डी घालतो, माझा स्टेथोस्कोप ओढतो. काखेतली गाठ बघायची असली तरी बाळ पूर्ण उघडं करून तपासावं, हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात. त्याला कोणापासून लपवलंय हेही विचारावं, ही माझी भर.

परवा फॉलोअपला आले, तेव्हा आजींनी विचारलं, “गेलं ना ते, बाई?”

“याच्यातून गेलं,” मी म्हणाले. थोरली दाराशी उभी होती. तिला स्वतःला काही होणार नाही. पण तोच दोष तिच्यातही असू शकतो, तिच्या मुलग्याची वाट बघत. मी तिला जवळ घेतलं आणि आईला म्हणाले, “ही मोठी झाली की हिला तपासायला घेऊन या. लग्नाच्या आधी.”

आजींनी दाराकडे पाहिलं.