चढाची चक्कर

गाड्यांच्या त्या दुकानात त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. मालक म्हणायचा "चक्करवाले", मिस्त्री म्हणायचा नुसतं "चक्कर", आणि गिऱ्हाइकं म्हणायची "मामा". दुकान वापरलेल्या गाड्यांचं. गिऱ्हाईक गाडी चालवून बघायला निघालं की त्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि एक चक्कर मारून त्याला सुखरूप परत आणायचं, एवढंच त्याचं काम. सत्तावीस वर्षं तो हेच करत आला होता. हजारो गाड्यांत बसला, पण त्याच्या स्वतःच्या दारात सायकलीपलीकडे काही उभं राहिलं नाही.

नवशिक्या माणसाच्या शेजारी बसायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं. त्याच्या बाजूला ब्रेक नसायचा, तरी उजवा पाय ब्रेक दाबायला शिकला होता. समोरून ट्रक आला की पाय आपोआप खाली जायचा. चांभार म्हणायचा, "तुमचा उजवा बूट डाव्याच्या सहा महिने आधी म्हातारा होतो. लंगडी खेळत कामाला जाता का?" घरी बायको भाजी चिरताना सुरी जरा भरभर चालवायला लागली की टेबलाखाली त्याचा पाय जमिनीला टेकायचा. बायको न बघताच म्हणायची, "थांबले मी. उचला आता पाय."

चक्करही ठरलेली होती. गेटातून बाहेर पडायचं, सरळ पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, तिथून उजवीकडे वळून शाळेच्या कुंपणालगतच्या गुळगुळीत रस्त्यानं परत यायचं. टाकीपाशी डावीकडे दुसरा रस्ता फुटायचा. तो टेकडीवरच्या घरांकडे चढायचा, इतका उभा की सायकलवाला खाली उतरून चालायला लागायचा. पण त्या फाट्यावर चक्करवाल्याचा हात कायम उजवीकडेच उठायचा. तसा तो मालकाच्या वडिलांनी उठवायला शिकवला होता. थोरले मालक म्हणायचे, "गाडीला तोंड नसतं. आपण तिचं तोंड व्हायचं नाही. गिऱ्हाइकानं विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर गप्प बस."

तो शब्द त्यानं पाळला. आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाशी तो खोटं बोलला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. आता लोक विचारतात तरी काय, हा भाग निराळा. गाणी वाजतात का, काचा बटणानं खाली होतात का, हा रंग उन्हात उडेल का. गाडीच्या पोटात काय दुखतंय हे हजारात एखादा विचारतो. बाकीचे नऊशे नव्याण्णव हसतहसत किल्ली घेऊन जातात.

एकदा मात्र असं झालं की एक नवराबायको अशीच गाडी घेऊन गेले, आणि महिन्याभरानं त्याला रस्त्याच्या कडेला दिसले. गाडीचं तोंड उघडं, त्यातून वाफ निघत होती. त्याला बघून दोघांनी हात हलवला. आपला माणूस भेटल्यासारखा हलवला. "मामा, बरं झालं भेटलात, जरा बघता का?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तो रात्री जेवून झोपला असता. त्या हलणाऱ्या हातांनी त्याची झोप नेली.

तर एका सकाळी दुकानात एक कुटुंब आलं. घरचा कर्ता गाद्या भरायचा धंदा करणारा. त्याची बायको मोठ्या दुकानात काउंटरवर बसणारी, येईल ती वस्तू मशीनसमोर धरून पिशवीत भरणारी. दोन मुली, आणि गादीवाल्याचे वडील, घरातले बापू. वडील पोस्टमन होते. ज्या पायांनी पस्तीस वर्षं टेकडीवरची दारं पालथी घातली, ते पाय आता दहा पावलांवर संपायचे. घर चढाच्या अगदी माथ्यावर. खाली यायचं म्हणजे दोन माणसांनी खुर्चीत बसवून उचलायचं. त्यामुळे दीड वर्षात म्हातारेबाबा दोनदा खाली आले होते, एकदा दवाखान्यात आणि एकदा आज.

"गाडी माझ्यासाठी घेतायत," म्हातारेबाबा चक्करवाल्याला म्हणाले. "रोज दुपारी खाली वाचनालयात जाऊन बसणार. घरात बसून सुनेच्या चुका काढायचा कंटाळा आला."

"चुका तरी कुठे सापडतात तुम्हाला?" सून म्हणाली. तिची नजर गाड्यांवरून फिरत होती. सवयीप्रमाणे ती प्रत्येक गाडीपाशी वाकून खालची बाजू बघत होती, जसं काही तिथे शेवटची तारीख छापलेली असावी.

गादीवाल्यानं मात्र बॉनेट उघडलं नाही की खाली वाकला नाही. त्यानं प्रत्येक गाडीचं दार उघडलं आणि अंगठ्यानं सीट दाबली. दाबायचा, सोडायचा, सीट किती वेळात वर येते ते बघायचा. अशा आठ गाड्या दाबून तो मोठ्या पांढऱ्या गाडीपाशी आला. तिथे त्यानं अंगठा दाबला, मग तळहात, मग स्वतःच बसला आणि डोळे मिटले.

"भरण बघ," तो बायकोला म्हणाला. "असं काम आता कोणी करत नाही. ज्यानं सीटला एवढा जीव लावलाय, त्यानं इंजिनाला लावला नसेल का?"

दुकानाच्या कोपऱ्यात पाना धुणाऱ्या मिस्त्रीनं चक्करवाल्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या पांढऱ्या गाडीबद्दल मिस्त्रीच म्हणाला होता, "सपाटीला राणी, चढाला म्हातारी." तिचा क्लच झिजला होता. सपाट रस्त्यावर कळायचं नाही. चढावर इंजिन नुसतंच ओरडायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत.

सगळे गाडीत बसले. गादीवाला चालवायला, शेजारी चक्करवाला, मागे म्हातारेबाबा, सून आणि मुली. गाडी लोण्यासारखी निघाली. मुलींनी काचा वर केल्या, खाली केल्या, पुन्हा वर केल्या. गादीवाल्यानं विचारलं, "गाणी लागतात का?" चक्करवाला म्हणाला, "लागतात." थोरल्या मुलीनं विचारलं, "मागे झोपता येतं का?" तो म्हणाला, "येतं." सगळी उत्तरं खरी होती.

टाकी आली. म्हातारेबाबा काचेला नाक लावून डावीकडे बघत होते. "तो बघा आमचा चढ," ते म्हणाले. कोणाला असं नाही, आपलं आपल्याशीच. "वरून रोज बघतो. खालून बघायचा राहूनच गेला होता."

चक्करवाल्याचा हात सत्तावीस वर्षांच्या सवयीनं उजवीकडे उठला. अर्ध्यात थांबला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हतं.

"डावीकडे घ्या," तो म्हणाला.

पहिल्या खांबापर्यंत गाडी जोरात होती म्हणून चढली. दुसऱ्या खांबाशी दमली. तिसऱ्या खांबाच्या वळणावर इंजिनानं मोठ्यानं गळा काढला, गाडी जागच्या जागी थरथरली, आणि काहीतरी जळाल्याचा वास पसरला. मग ती मागे सरकायला लागली. चक्करवाल्याचा उजवा पाय खाली गेला, पण या वेळी हातही गेला आणि त्यानं हँडब्रेक खेचला. सुनेनं दार उघडून खाली उडी मारली आणि चाकामागे दगड लावला.

"मला अजून नीट चालवता येत नाही," गादीवाला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही नीटच चालवली. क्लच गेलाय हिचा. खाली कळत नाही."

सून खिडकीपाशी आली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग दुकानातच का नाही सांगितलंत? एवढं बापूंना वर आणून, पोरींना नाचवून?"

हा प्रश्न मात्र विचारला गेला होता, आणि विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचा त्याचा नियम होता. "सवय नाही," तो म्हणाला.

धाकट्या मुलीनं विचारलं, "म्हणजे ही आता आपली नाही?" गादीवाला स्टिअरिंग धरून तसाच बसून होता. त्याला राग आला होता, आणि त्या रागाचा पत्ता त्यालाच सापडत नव्हता. शेवटी तो चक्करवाल्यालाच म्हणाला, "दोन मिनिटं तरी राहू द्यायची होती आमची."

म्हातारेबाबा मागून म्हणाले, "त्याला का बोलतोस? तू गादीवाला, मऊ बघितलंस. मी पेटीत काही टाकायच्या आधी पत्ता वाचायचो. घर कुठे आहे ते आधी बघावं."

आता अर्ध्या चढावरून खाली जाऊन पुन्हा वर यायचं कसं, म्हणून गाडी तिथेच सोडून दोघांनी हात गुंफून म्हातारेबाबांना त्यावर बसवलं. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला चक्करवाला. तो चढ त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पायांनी बघितला. दर वीस पावलांवर थांबावं लागलं. म्हातारेबाबा मात्र मजेत होते. "या घरात कुत्रं वाईट. या घरात पाणी विचारायचे. यांना कधी कोणाचं पत्रच आलं नाही, तरी दारात उभे राहायचे." माथ्यावर पोचल्यावर दोघांनी त्यांना घरातल्या खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. सुनेनं पाणी दिलं. ते उभ्याउभ्याच पिऊन चक्करवाला खाली निघाला.

मालकाला बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"चढ दाखवायला कोणी सांगितलं?"

"त्यांचं घर वर आहे."

"सगळ्यांचीच घरं कुठेतरी असतात," मालक म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. वडिलांचं दुकान वडिलांसारखं चालवावं एवढंच त्याला कळायचं. "उद्यापासून गाड्या धुवा. चक्करीला मी दुसरा माणूस बघतो."

बाविसाव्या वर्षी ज्या नळापाशी कामाला लागला होता, त्याच नळापाशी तो परत आला. बायको म्हणाली, "बरं झालं. तुमच्या उजव्या पायाला तरी सुट्टी मिळाली." पण रात्री तिनं त्याचे गार पडलेले हात आपल्या हातात धरून ठेवले. त्याला धुण्याची लाज वाटत नव्हती. त्याच्या डोक्यात एकच होतं, माथ्यावरच्या त्या खिडकीत म्हातारेबाबा अजून बसून असतील.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक राखाडी रंगाची छोटी गाडी आठ महिने उभी होती. सीट फाटक्या, आत बसलं की दगडावर बसल्यासारखं. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. चक्करवाल्यानं ती तीनदा धुतली. चौथ्या दिवशी मिस्त्रीला म्हणाला, "धुतलेली गाडी वाऱ्यावर न्यायला पाहिजे. नीट वाळत नाही."

"आणि वारा कुठे चांगला आहे?"

"टेकडीवर."

मिस्त्री हसला आणि शेजारी बसला. दोघांनी ती गाडी तीन दिवस रोज सकाळी चढावर वाळवून आणली.

तिसऱ्या आठवड्यात सून एकटीच दुकानात आली, जेवणाच्या सुट्टीत, अंगावर काउंटरचा हिरवा एप्रन तसाच. चक्करवाल्याच्या हातात पाण्याची नळी बघून ती क्षणभर थांबली. मग सरळ मालकापुढे जाऊन उभी राहिली.

"आम्हाला गाडी घ्यायची आहे. पण चढाची चक्कर पाहिजे, आणि बरोबर हेच मामा पाहिजेत."

"ताई, चक्करीचा आमचा रस्ता ठरलेला आहे."

"असेल. माझ्या काउंटरवर रोज दोनशे माणसं येतात. पिशवी भरताना बोलतात. कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, कोणाला गाडी घ्यायची आहे. मी त्यांना काय सांगू तेवढं सांगा. इथे चढाची चक्कर देतात म्हणून सांगू, की देत नाहीत म्हणून सांगू?"

मालकानं पेन उचललं, ठेवलं. "बसा ना," तो म्हणाला. "चहा घेणार?"

"सुट्टी संपेल माझी. रविवारी सगळे येतो."

रविवारी सगळे आले. चक्करवाला त्यांना थेट मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. गादीवाल्यानं राखाडी गाडीचं दार उघडलं, अंगठा दाबला आणि कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं.

"ही काय भरण आहे? यावर माणूस बसवायचा की नारळ फोडायचा?"

"भरण तू कर," म्हातारेबाबा म्हणाले. "तुझा धंदाच आहे. इंजिन काही तुला भरता येत नाही."

गादीवाला हसला नाही, पण त्यानं पुन्हा एकदा सीट दाबली, या वेळी मापं घेतल्यासारखी. मग चक्करवाल्याकडे न बघता म्हणाला, "चढते?"

"चढते."

म्हातारेबाबांना पुढे बसवलं, मागे सून आणि दोन मुली. गाडी भरली.

"तुम्ही पण जा बरोबर," मालक म्हणाला.

"जागा नाही," चक्करवाला म्हणाला.

सत्तावीस वर्षांत त्या गेटातून एकही गाडी शेजारी दुकानाचा माणूस बसल्याशिवाय चक्करीला गेली नव्हती. तो गेटात उभा राहिला. मालक शेजारी येऊन उभा राहिला. गाडी टाकीआड गेली, आता फक्त आवाज उरला. तो आवाज डावीकडे वळला. पहिला खांब. गिअर खाली आला. दुसरा खांब. चक्करवाल्याचा उजवा पाय गेटातल्या मातीत रुतला होता. तिसऱ्या खांबाच्या वळणावर आवाज जड झाला, रेंगाळला, आणि तसाच वर निघून गेला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण ब्रेक दाबून उभे आहोत. त्यानं पाय उचलला.

"पोचले," तो म्हणाला.

मालकानं कान देऊन बघितलं. त्याला काही ऐकू आलं नाही. "आता परत आले की सही करून घेऊ," तो म्हणाला.

"त्याआधी मला त्यांच्याशी बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"मागच्या डाव्या चाकाची हवा आठवड्याला उतरते," चक्करवाला म्हणाला. "त्यांनी विचारलं नाही."