बाबांनी भरलेलं पाणी

दुपारची वेळ. ज्योत्स्ना या कुशीवरून त्या कुशीवर होते आहे. कुडापलीकडून शेजारच्या सुगंधाचं कण्हणं येतंय. सातवा महिना, आणि परवापासून थंडी वाजून ताप. डोळा लागतो न लागतो तोच अंगणातून हाक येते, "बाई, पाणी तपासायचं आहे."

दारात बाबा. खाकी शर्ट, हातात बॅटरी, काखेत वही. हिवताप विभागात तीस वर्षं त्यांनी दारोदार रांजणांत डासांच्या अळ्या शोधल्या. गाव त्यांना डासमामा म्हणायचं. त्यांना जाऊन अडीच महिने झाले, हे तिला स्वप्नातही ठाऊक आहे.

"चहा ठेवू, बाबा?"

"ड्यूटीवर आहे. रांजण दाखव."

ती रांजणापुढे आडवी उभी राहते. गेले त्या दिवशी सकाळी त्यांनीच तो भरला होता. तेव्हापासून तिनं त्यातलं घोटभरही काढलेलं नाही.

"बाकीच्यांचे पाहा. आपलं घर राहू द्या."

"सरपंचही हेच म्हणून राहिला होता. त्याचाही ओतलाच."

बाबा कड फुटलेलं झाकण सरकवतात. बॅटरीचा झोत पडतो आणि रांजणाचा तळ लांबत जातो. दोघं सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी आहेत, घोटाभर पाण्यात. पाण्यातच खाटा. पहिल्या खाटेवर सुगंधा, तीन गोधड्यांखाली हुडहुडत.

"पण बाबा, तो डास आपल्याच रांजणातला कशावरून?"

"कोणत्या रांजणातला, ते डास सांगत नाही. म्हणून सगळेच ओतायचे."

"तुम्ही भरलेलं शेवटचं पाणी आहे ते."

बाबा बॅटरी विझवतात. मग हसतात. "येडी झाली का, जोस्ने? जन्मभर तुझ्या मायनं पाणी भरलं आणि मी गावाचं ओतलं. एक दिवस भरलं, तर तेच धरून बसली!"

खाटा नाहीत, दवाखाना नाही, पुन्हा अंगण.

"काठ धर," बाबा म्हणतात.

ती धरते. रांजण हलत नाही.

"जड आहे, बाबा."

"असणारच."

जाग येते. ऊन अंगणातच आहे, सुगंधा कण्हतेच आहे. रांजण जागच्या जागी, झाकलेला. पण ज्योत्स्नाच्या दोन्ही तळव्यांवर आडवे लाल वळ उठले आहेत.

ती बाहेर येते, झाकण काढते, त्या वळांवर रांजणाचा काठ नेमका बसवते आणि जोर लावते.